डॉ. प्रभा अत्रे : गायन, अध्यापन व संगीत-आयोजन यांतील एकसूत्रता

प्रस्तावना

शास्त्रीय गायकाचे मूल्यमापन करताना मैफल हाच आपल्याकडे एकमेव निकष मानला जातो. अध्यापन हे उपजीविकेचे साधन आणि आयोजन हे कार्यकर्त्यांचे काम, अशी समजूत रूढ आहे. डॉ. प्रभा अत्रे (१३ सप्टेंबर १९३२ – १३ जानेवारी २०२४) यांच्या कारकिर्दीला ही विभागणी लागू पडत नाही. पुण्यात जन्मलेल्या, विज्ञान व कायदा या दोन्ही शाखांच्या पदवीधर असलेल्या या गायिकेने आकाशवाणीवर साहाय्यक निर्माती म्हणून काम केले, विद्यापीठात विभागप्रमुखपद सांभाळले, ग्रंथलेखन केले आणि संगीत संमेलनेही भरविली. पद्मश्री (१९९०), पद्मभूषण (२००२) व पद्मविभूषण (२०२२) या सन्मानांमुळे त्यांचे चरित्र सर्वपरिचित आहे. त्याची पुनरावृत्ती येथे अभिप्रेत नाही. या तिन्ही क्षेत्रांतील कार्यामागे एकच भूमिका होती का, आणि ती कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परंपरेची पार्श्वभूमी

डॉ. अत्रे यांना किराणा घराण्याची तालीम सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर या भावंडांकडून मिळाली. त्यांचे वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते. हिराबाई तर तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांपैकी एक. स्त्रीचे गाणे खासगी बैठकीतून सभागृहात आणणे हे केवळ धाडस नव्हते. श्रोता, मोबदला आणि प्रतिष्ठा यांची ती नवी व्यवस्था होती. म्हणजेच गाणे, शाळा चालविणे आणि कार्यक्रमाची आखणी करणे या तिन्ही गोष्टी या परंपरेत आधीपासून होत्या. डॉ. अत्रे यांनी त्यांना चौथी गोष्ट जोडली, ती म्हणजे कारणमीमांसा.

सरगमचा प्रश्न

या कारणमीमांसेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सरगम. ख्यालात सरगम घेणे हे शिकवणीचे लक्षण आहे, स्वरांची नावे उच्चारली की रसभंग होतो, असा आक्षेप जाणकारांकडून घेतला जात असे. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनात कर्नाटक संगीताच्या परिचयातून सरगम आली होती, तर उस्ताद अमीर खाँ यांच्या सरगमचा डॉ. अत्रे यांच्यावर प्रभाव होता. तेव्हा त्यांना घराण्याचा किंवा थोर कलावंताचा दाखला देऊन वाद मिटविता आला असता. त्यांनी तसे केले नाही. सरगम हाच विषय घेऊन त्यांनी डॉक्टरेटसाठी संशोधन केले आणि आलापी, बोल, तान यांप्रमाणे सरगम ही रागविस्ताराची स्वतंत्र सामग्री आहे, अशी मांडणी केली.

या मांडणीचा पडताळा त्यांच्या गाजलेल्या कलावती रागाच्या ध्वनिमुद्रणात घेता येतो. कलावतीत रिषभ व मध्यम वर्ज्य असल्याने पाचच स्वरांवर विस्तार करावा लागतो आणि पुनरुक्तीचा धोका मोठा असतो. आकारात एकच स्वरवर्ण लांबत जातो. उलट 'सा', 'ग', 'प', 'ध', 'नि' यांचे व्यंजनाघात वेगवेगळे असल्याने तेच स्वरसमूह लयीत नवे वजन घेऊन येतात. सरगममुळे येथे लयीला धार येते, हे मान्य करावे लागेल. मात्र स्वरनामे कोमल-शुद्ध भेद सांगत नाहीत, तो भेद गळ्यालाच दाखवावा लागतो. शिवाय विलंबित आलापीत, जिथे दोन स्वरांमधील सलग प्रवास महत्त्वाचा, तिथे अक्षरांचा तुटकपणा अडसर ठरू शकतो. त्यामुळे आक्षेपकांचे म्हणणे पूर्णतः निराधार नव्हते. ते सरसकट लावले गेले, ही त्याची चूक होती.

रागांच्या समयसिद्धान्ताविषयीही त्यांनी असेच प्रश्न उपस्थित केले. येथेही 'गुरूंनी सांगितले' हे उत्तर त्यांनी पुरेसे मानले नाही.

अध्यापन

१९७९ ते १९९२ या काळात मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात त्यांनी संगीताच्या प्राध्यापक व विभागप्रमुख म्हणून काम केले. तासिका, अभ्यासक्रम, परीक्षा ही चौकट तालमीच्या स्वभावाशी विसंगत आहे, असे अनेक कलावंत म्हणतात आणि ते खरेही आहे. डॉ. अत्रे यांच्या दृष्टीने मात्र या चौकटीत एक संधी होती. वर्गात शिक्षकाला 'असेच गा' एवढे सांगून भागत नाही. 'असे का' याचे उत्तर द्यावे लागते. 'स्वरमयी'पासूनच्या त्यांच्या लेखनात हीच अध्यापकाची सवय दिसते. त्याच वेळी त्यांनी गुरुकुलाचा मार्ग सोडला नाही. पुण्यात त्यांनी स्वरमयी गुरुकुल उभे केले. विद्यापीठ विचार देऊ शकते, पण गळा घडविण्यास सहवास लागतो, ही जाणीव या कृतीतून व्यक्त होते.

आयोजन

१९९२ पासून त्यांनी मुंबईत सुरेशबाबू व हिराबाई यांच्या नावाने संगीत संमेलन भरविण्यास प्रारंभ केला. २००० मध्ये त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन झाले. आकाशवाणीतील सुमारे दहा वर्षांच्या अनुभवाचा येथे विचार करावा लागतो. कोणाला, किती वेळ, कोणत्या श्रोत्यांसमोर गाऊ द्यायचे, हे ठरविणे हाही कलाविषयक निर्णय असतो. तो फक्त प्रायोजक आणि लोकप्रियता यांच्यावर सोडला, तर कोणते संगीत टिकेल हेही तेच ठरवतील. आयोजन हे समीक्षेचे कृतिरूप आहे, ते या अर्थाने.

मर्यादा

या कारकिर्दीवरून घाईने निष्कर्ष काढणे मात्र योग्य ठरणार नाही. विद्यापीठात येण्यापूर्वीच डॉ. अत्रे घडलेल्या कलावंत होत्या. त्यामुळे विद्यापीठ कलावंत घडवते, हे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध होत नाही. दुसरे असे की, कलावंताने स्वतःच्या गाण्याचे केलेले विवेचन अंतिम मानण्याचा मोह अभ्यासकाला होतो. ते विवेचन ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहणे हे समीक्षकाचे काम आहे. तिसरे, व्यक्तीच्या नावावर उभ्या राहिलेल्या संस्थांची खरी कसोटी त्या व्यक्तीच्या पश्चात सुरू होते.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कलाविषयांना महाविद्यालयीन अभ्यासक्रमात श्रेयांकांसह स्थान मिळू लागले आहे. अशा वेळी संगीत हे अवकाशात करावयाचे 'उपक्रम' राहणार की ज्ञानाची शाखा होणार, हा प्रश्न आपल्यासमोर आहे. डॉ. अत्रे यांच्या कार्यातून त्याचे एक उत्तर मिळते : प्रत्यक्ष गायन आणि त्यामागील विचार यांची फारकत केली, तर दोन्ही दुबळे होतात. त्यासाठी गाणारा शिक्षक वर्गात हवा आणि विद्यार्थ्याला 'असे का?' हे विचारण्याची मुभाही हवी. यांपैकी एकाचा जरी अभाव असला, तरी अभ्यासक्रमात संगीत येईल, पण संगीताचा अभ्यास होणार नाही.