तान्हें मूल आणि विनोदी वाङ्मय

आमच्या वाङ्मयांत पाळणा पुष्कळ ठिकाणीं आढळतो. परंतु त्या पाळण्यांतील मुलाचें रडणें क्वचितच ऐकूं येतें. अंगाईगीतांत तें निजलेलें असतें, काव्यांत तें दुडुदुडु धावूं लागलेलें असतें, आणि कादंबरींत तें शेवटच्या प्रकरणापुरतें नायिकेच्या मांडीवर येऊन बसतें. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंताला भेटणारा पुत्र सिंहाच्या छाव्याशीं खेळण्याइतका मोठा झालेला आहे. ज्या पहिल्या कांहीं महिन्यांत साऱ्या घराची झोप, जेवणाची वेळ आणि वडील मंडळींचा अधिकार एका हातभर देहाच्या स्वाधीन होतो, त्या महिन्यांविषयीं आमचे लेखक बहुधा मौन धरतात.

वस्तुतः विनोदाला याहून सुपीक भूमि शोधून सांपडणार नाहीं. सहाणेवर निगुतीनें उगाळलेली गुटी बोंडल्यानें घशाखालीं उतरवावी आणि क्षणार्धांत ती पाजणारणीच्या पदरावर परत यावी. तासभर थोपटून निजविलेलें मूल गादीवर ठेवतांना नेमकी बांगडी किणकिणावी. आत्याबाईंनीं पोटदुखीचें निदान करावें, मावशीबाईंनीं दृष्टीचें करावें, आणि शेवटीं लंगोटांत शिरलेली मुंगी सांपडावी, हे प्रसंग कोणत्या घरांत घडत नाहींत? मग ते लिहिले कां गेले नाहींत?

विषय क्षुद्र आहे, हें याचें नेहमींचें उत्तर. तें आम्हांस पटत नाहीं. कारण याहून क्षुद्र विषयांवर आमच्याकडे ग्रंथ झाले आहेत. खरें कारण भीति हें असावें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मलेल्या दर १००० मुलांपैकीं सुमारें २०० मुलें वर्ष पुरें होण्याच्या आंतच दगावत. आज ती संख्या ३० च्या खालीं आली आहे. पांचवीची पूजा, सटवीचा धाक, गालावरची तीट, मीठमोहऱ्यांनीं काढलेली दृष्ट, आणि अगोदरचीं मुलें गेलीं म्हणून पुढच्याला दिलेलें दगडू किंवा धोंडू हें नांव, या सर्वांच्या मुळाशीं ती एकच भीति होती. जेथें मुलाला गोजिरवाणें म्हणण्याचीही चोरी, तेथें त्याची थट्टा कोण करणार?

तथापि भीति आणि विनोद एकत्र नांदूंच शकत नाहींत असें नव्हे. भागवताच्या दशमस्कंधांतील सातवा अध्याय याची साक्ष देईल. मूल प्रथमच कुशीवर वळलें म्हणून यशोदेनें समारंभ मांडला आहे. मुलाला झोंप लागलेली पाहून तिनें त्याला एका गाड्याखालीं निजविलें, आणि ती पाहुण्यांच्या सरबराईंत गढून गेली. मूल भुकेनें जागें होऊन रडूं लागलें. परंतु ज्याच्यासाठीं समारंभ, त्याचेंच रडणें त्या गर्दींत आईच्या कानीं पडेना. त्यानें पाय झाडले, गाडा उलथला, दह्यादुधाचीं भांडीं फुटलीं. हें या मुलानेंच केलें असें जवळ खेळणारीं पोरें सांगत होतीं. पण पोरांचें बोलणें म्हणून मोठ्यांनीं तें उडवून लावलें. भाविकांस येथें दैत्यवध दिसतो. आम्हांस त्याबरोबरच एक ओळखीचें घर दिसतें, आणि त्या घरांतील भीतीही दिसते. कारण भांडीं गोळा करण्यापूर्वीं यशोदा मुलाला उचलून घेते आणि ग्रहबाधेच्या शंकेनें ब्राह्मणांकडून शांति करविते. प्रसंग हास्याचा आहे, परंतु आईचा ऊर धडधडतो आहे हें कवि विसरलेला नाहीं.

आमच्या पिढीनें इंग्रजी निबंधांवर विनोदाची दीक्षा घेतली, म्हणून तिकडेही पाहणें प्राप्त आहे. चार्ल्स लॅम्बनें एका निबंधांत विवाहितांच्या संततीविषयींच्या अभिमानावर टीका केली. त्याचा तो संग्रह १८२३ सालीं निघाला. जेरोम के. जेरोम यानें १८८६ सालच्या आपल्या निबंधसंग्रहांत तान्ह्या मुलांवर एक स्वतंत्र लेख लिहिला, आणि मुलाला नपुंसकलिंगी सर्वनाम लावणाऱ्या पाहुण्यावर आईचा केवढा कोप होतो तें मोठ्या मौजेनें सांगितलें. दोन्ही लेख वाचनीय आहेत. परंतु लॅम्ब आजन्म ब्रह्मचारी होता, आणि तो लेख लिहिला तेव्हां जेरोमही अविवाहित होता! माजघरांतील गलका ओसरीवर बसून ऐकणाऱ्याचा हा विनोद आहे. पाहुण्याची फजिती त्यांत बरोबर उतरली आहे; रात्रीं तीन वाजतां उठणारें माणूस मात्र त्यांत कोठें दिसत नाहीं.

मराठींत चिं. वि. जोशी यांनीं हा विनोद ओसरीवरून माजघरांत नेला, हें त्यांचें मोठें कार्य होय. त्यांचा चिमणराव हा बायकोमुलांच्या संसारांत गळ्यापर्यंत बुडालेला गृहस्थ आहे. तो दुसऱ्याची फजिती पाहत नाहीं, स्वतःची सांगतो. म्हणूनच मध्यमवर्गीय कुटुंबांना तो आपलासा वाटला. तथापि कथा सांगणारा तोच असल्यामुळें काऊ आपल्याला दिसते ती त्याच्याच चष्म्यांतून. ती रागावते, समजूत घालते, घर सांवरते. पण तिच्या बाजूनें तो संसार कसा दिसत होता हें आपणांस कळत नाहीं. पित्याचा विनोद येथें पूर्णत्वास गेला आहे. मातेचा विनोद अद्याप यावयाचा आहे.

तो मराठी स्त्रीच्या प्रकृतींत नाहीं असें कोणी म्हणूं नये. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाई तिलकांनीं संसारांतील हालअपेष्टा ज्या निर्मळ हास्यानें सांगितल्या आहेत, त्याला आमच्या गद्यांत तोड नाहीं. पण तो ग्रंथ एका संपूर्ण आयुष्याचा आहे. पाळण्याभोवतीं फिरणारा नव्हे. तसें पुस्तक पाहावयाचें तर अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन हिचें १९५३ सालचें गृहजीवनाचें पुस्तक पाहावें. तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळीं, कळा सुरू झालेल्या असतांना, रुग्णालयांतील लेखनिक तिला व्यवसाय विचारते. ती ‘लेखिका’ म्हणून सांगते. लेखनिक ‘गृहिणी’ लिहूं पाहते. ती पुनः ‘लेखिका’ म्हणते; तरी कागदावर शेवटीं ‘गृहिणी’च पडतें. वाचक हसतो आणि हसतांना चपापतो. मूल अजून जन्मलेलेंही नाहीं, तोंच आईचें अर्धें नांव पुसलें गेलें आहे! हें सांगण्याला आईच हवी होती.

मातेनें आपल्या तान्ह्याची अशी कथा सांगितल्यास मातृत्वाचें पावित्र्य बिघडतें, असा आक्षेप घेणारे सज्जन आहेत. त्यांना आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, ज्या मूर्तीची नित्य पूजा होते तिला झोंप लागली का, असें आजवर कोणत्या पुजाऱ्यानें विचारलें? नवप्रसूतेला सारीं अंगाईगीतें पाठ असतात. तिसऱ्या हांकेला उठतांना तिला मुलाचा राग येतो, आणि त्या रागाबद्दल ती स्वतःला अपराधी समजते. कारण अशा रात्रीं इतर आयांच्याही वाट्याला येतात हें तिच्या हातीं पडलेल्या एकाही पुस्तकानें तिला सांगितलेलें नसतें. पोथ्यांनीं तिला देवकी आणि यशोदा दाखविल्या. शेजारच्या बिऱ्हाडांतील जागी बाई दाखविली नाहीं. तें काम विनोदी वाङ्मयाचें आहे, आणि तें केवळ करमणुकीचें नाहीं.

म्हणून या विषयावरील लेखनास आम्ही दोन प्रश्न विचारूं. लिहिणाऱ्याचा हात त्या मुलाच्या कामांत कधीं ओला झाला आहे काय? आणि हसण्याच्या खालीं, मूल जगावें म्हणून रात्र जागविणारी जुनी काळजी शिल्लक आहे काय? पहिल्या प्रश्नाला नकार आला तर तो पाहुण्याचा लेख. दुसऱ्याला आला तर नुसती बाहुलीची थट्टा. दोन्ही प्रश्नांना होकार देणारें एखादें पुस्तक कोणा मराठी आईनें, बाळाची दुपटीं वाळत घालून झाल्यावर उरेल त्या वेळांत, लिहावें अशी आमची इच्छा आहे. आणि तो वेळ तिला मिळावा म्हणून घरांतील पुरुषांनीं दुपटीं वाळत घालावयास शिकावें, अशीही आहे.