तपासलेली मुले आणि बरी झालेली मुले

शाळेत आरोग्य पथक येऊन गेले की अहवालात दोन आकडे भरले जातात : पटावरील मुले इतकी, तपासलेली मुले इतकी. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ गेला की कार्यक्रम यशस्वी झाला असे मानण्याची पद्धत आहे. आमचा आक्षेप पथकावर नाही, या मोजमापावर आहे.

शाळेत जाऊन मुले तपासण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. इंग्लंडमध्ये ती १९०७ साली कायद्याने सुरू झाली आणि दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोद्यात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. तरीही १९४६ मध्ये भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच असे नोंदवावे लागले. आजचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. जन्मजात व्यंगे, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब असे चार गट त्यात धरले आहेत. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा जावे, अशी त्याची रचना आहे. हृदयाला जन्मजात छिद्र असलेल्या मुलांच्या मोफत शस्त्रक्रिया या वाटेने होतात. हे मोठे काम आहे आणि ते मान्य करूनच पुढचे लिहीत आहोत.

पथकाची तपासणी ही शास्त्राच्या भाषेत चाळणी आहे, निदान नव्हे. डोळ्यांचे उदाहरण घेऊ. समजा, १००० मुलांपैकी ५० जणांना खरोखर दृष्टिदोष आहे. आपली चाचणी अशा शंभरातली ८० मुले पकडते आणि निर्दोष शंभरातल्या १० मुलांना चुकून दोषी ठरवते. म्हणजे ५० पैकी ४० सापडली, पण उरलेल्या ९५० पैकी ९५ उगाचच यादीत आली. यादीत एकूण मुले १३५, त्यांत खरी ४०. तिघांतले दोघे विनाकारण रुग्णालयात जाणार!

आता ही यादी घेऊन रत्नागिरी तालुक्यातल्या पालीला येऊ. हातखंब्याच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. इथून रत्नागिरी वीसेक किलोमीटर. नकाशावर हे अंतर काहीच नाही. पण आतल्या वाडीवरून महामार्गापर्यंत चालत यायचे, एस.टी. पकडायची, केसपेपर काढून रांगेत उभे राहायचे, यात आईचा किंवा बापाचा पुरा दिवस जातो. लावणीच्या दिवसांत किंवा आंबा-काजूच्या हंगामात तो दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. एकदा असा फुकट हेलपाटा पडला की पुढच्या वर्षीची चिठ्ठी कपाटावरच राहते. पालकांना आपण अडाणी म्हणतो. वास्तविक त्यांनी अनुभवावरून काढलेला तो निष्कर्ष असतो.

खऱ्या ४० मुलांचे तरी काय होते? चिठ्ठी घरी पोहोचणे, मूल रुग्णालयात जाणे, चष्मा हाती येणे आणि मुलाने तो रोज लावणे, अशा चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर दहातली सात मुले पुढे सरकतात असे उदारपणे धरू. ४० ची होतात २८, मग २०, मग १४ आणि शेवटी १०. अहवालात १००० तपासलेली मुले दिसतात. फळा दिसू लागलेली मुले दहा! हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या शाळेचे खरे आकडे घालून हा गुणाकार सातवीच्या वर्गाकडून जरूर करून घ्यावा.

१९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी चाचण्यांचे निकष लिहिले. दोष सापडलेल्या माणसाला उपचार मिळण्याची सोय आधी हवी, हा त्यांतला एक. ही सोय जिथे तुटते तिथे तपासणी मुलाला फक्त एक शिक्का देते. उलट उपचार पोहोचला तर फळ मिळते : चीनच्या ग्रामीण शाळांत मोफत चष्मे देऊन केलेल्या प्रयोगात मुलांचे गणितातले गुण थोडे का होईना वाढले. तो अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग काय करावे? पहिली गोष्ट शिक्षकांच्या हातातली आहे. सहा मीटरवरून ६/९ ओळीचे अक्षर सुमारे १३ मिलिमीटर उंचीचे असते. पुठ्ठ्यावर इंग्रजी 'ई' काढून तो फिरवीत राहावे. मुलाने दांड्यांची दिशा बोटांनी दाखवावी. उजेड भरपूर हवा आणि एकेक डोळा न दाबता झाकावा. यादीतील मुलांना दुसऱ्या दिवशी पुन्हा असे तपासले, आणि दोन्ही दिवसांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर ९५ चुकीची नावे दहावर येतात. खऱ्या ४० पैकी ८ सुटतात, हा तोटाही आहे. म्हणून डोळे बारीक करून फळा वाचणारे मूल निकालाकडे न पाहता पाठवावे.

दुसरी गोष्ट शासनाच्या हातातली आहे. शिक्षकांवर आधीच अहवालांचा भार आहे; त्यात आणखी एक रकाना नको. असलेलाच रकाना बदलावा. 'किती तपासली' याऐवजी 'मागच्या वर्षी दोष सापडलेल्यांपैकी किती मुलांवर उपचार पूर्ण झाले' हे विचारावे, आणि या आकड्याची जबाबदारी शाळेवर न टाकता आरोग्य खात्याने घ्यावी. चष्म्याचा नंबर काढणारा तंत्रज्ञ महिन्यातून एक दिवस गावच्या आरोग्य केंद्रात बसला, तर पन्नास पालकांचे पन्नास दिवस वाचतात. जे मोजले जाते तेच केले जाते. आज आपण गाडीच्या फेऱ्या मोजतो, म्हणून गाडी फिरते.