भस्माची चिमूट आणि मंत्रांचा हिशेब

पाश्चात्त्यांची जादू नियमांची, आपली श्रद्धेची, असे विधान वारंवार कानावर येते. ‘नवनाथ भक्तिसार’ ही पोथी आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा खेळ शेजारी ठेवून वाचले, तर ते टिकत नाही असे मला वाटते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली छापला गेला. त्यातल्या जादूगाराचा मूळ नियम जॅक व्हान्सच्या १९५० मधल्या ‘द डाइंग अर्थ’वरून घेतलेला : मंत्र पाठ करायचा, आणि एकदा टाकला की तो डोक्यातून पुसला जातो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे बरेच सैल झाले, पण मोजणी राहिली. नवशिक्या जादूगाराला किरकोळ मंत्र हवे तितके वापरता येतात. त्यावरच्या पायरीचे मात्र दोनच, मग विश्रांती. शिवाय बहुतेक मंत्रांना उच्चार, हातवारे किंवा एखादी वस्तू लागते. आगीच्या गोळ्यासाठी वटवाघळाची विष्ठा आणि गंधक!

आता धुंडीसुत मालूंची शके १७४१ मधली (१८१९) चाळीस अध्यायांची पोथी पाहा. ओठांवर मंत्र, चिमटीत भस्म, ते फेकणारा हात. तिन्ही घटक आहेतच. साबरी विद्येचे मंत्र तर बोलीभाषेतले, म्हणजे उच्चाराची अट संस्कृतवर अडत नाही. प्रत्येक अस्त्राला उतारा असतो. रामेश्वरी मच्छिंद्रनाथ वाताकर्षणाने मारुतीला जागीच खिळवतात, तेव्हा सोडवायला खुद्द वायूला मध्ये पडावे लागते; शेवट वधात न होता सख्यात होतो. शत्रू हरवल्याचे गुण मोजणाऱ्या खेळाने इथून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

श्रद्धेचे काय? शेजारणींनी हसल्यावर पुत्रार्थी बाईने मच्छिंद्रनाथांचे भस्म उकिरड्यावर टाकले. बारा वर्षांनी त्याच जागेतून गोरक्ष निघाला. घेणारीचा विश्वास उडाला होता, तरी भस्माने काम केले! “तुमची श्रद्धा कमी पडली” हा बुवाबाजीचा हुकमी बचाव; २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तरी तो ऐकू येतोच. ज्या पोथीच्या नावावर तो खपवला जातो, तिच्यातच तो बसत नाही.

पोथीत खरी उणीव आहे ती किमतीची. खेळात नुकत्याच मेलेल्याला मिनिटाच्या आत उठवायचे, तर तीनशे सुवर्णमुद्रांचे हिरे खर्ची पडतात. पोथीत गोरक्ष मीननाथाला मारतो आणि संजीवनीने उठवतो. त्याच्या पदरचे काहीच जात नाही. मच्छिंद्राचा मोह दाखवायला प्रसंग चोख आहे, पण भाविकाने क्षमा करावी, मृत्यूचे वजन त्यात उरत नाही.

हे कागदावरचेच राहू नये म्हणून वर्तकनगरात आमच्या घरी रविवारी जमणाऱ्या चार कॉलेजच्या मुलांबरोबर मी नाथपंथी नियम लावून पाहिले. मोजणी काढली, गुरूने दिलेला मंत्र कितीही वेळा चालेल, फक्त उतारा जाणणारा कोणीतरी जगात हवा. तिसऱ्या रविवारी तलवारवाली मुलगी मोबाइल पाहत बसली होती. तिच्या वाट्याला कामच उरले नव्हते. पोथीत नाथ नऊ आहेत आणि सगळेच सिद्ध; एका टेबलाशी चौघे निरनिराळ्या कुवतीचे बसतात, तेव्हा मोजणी हाच न्याय ठरतो. ती आम्ही परत आणली.

एक नियम मात्र ठेवला, गहिनीनाथांच्या जन्मकथेतला. गोरक्ष संजीवनी घोकत असताना पोरांनी मातीच्या गाडीसाठी गाडीवान मागितला. त्याने तोंडाने पाठ चालू ठेवून चिखलाचा पुतळा केला आणि पुतळा जिवंत झाला. हेतू नसतानाही मंत्र लागू पडतो. तेव्हापासून आमचा जादूगार चहा मागतानासुद्धा शब्द तोलून बोलतो.