घरातले श्रवण आणि आकड्यांची श्रीमंती

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाने गेली पंचवीस वर्षे रसिकांना एक वचन दिले आहे. सीडीवर जे ऐकू येते त्याहून अधिक सूक्ष्म, अधिक स्पष्ट, प्रत्यक्ष मैफलीच्या अधिक जवळचे संगीत घरबसल्या ऐकावयास मिळेल, असे ते वचन. जाहिरातींत जे 'हाय-रेस' म्हणून मिरवते ते हेच. आज हा शब्द मोबाइलच्या खोक्यावर, इअरफोनच्या डबीवर आणि गाणी पुरवणाऱ्या ॲपवर दिसतो. गोंदियाच्या बाजारातही तो येऊन पोचला आहे. घरातल्या तरुणांनी तो वडीलधाऱ्यांच्या कानी घातला आहे, आणि शोकेसमधला जुना टेप-रेकॉर्डर कॅसेटींसह भंगारात द्यावा की ठेवावा, असा प्रश्न निघू लागला आहे. म्हणून ह्या वचनाची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आकड्यांचा अर्थ समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेतील कंप. संगणकीय मुद्रणात ह्या कंपाची मोजमापे दर सेकंदाला हजारो वेळा घेतली जातात. सोनी व फिलिप्स ह्या कंपन्यांनी १९८२ साली बाजारात आणलेल्या सीडीत ती सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत नोंदतात. एवढ्या मोजमापांत सेकंदाला सुमारे २२,००० कंपांपर्यंतचा आवाज पुरता सामावतो. माणसाचा कान तरुणपणीही साधारण २०,००० कंपांच्या पलीकडे जात नाही आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. सर्वांत मोठा आणि सर्वांत हलका आवाज ह्यांतील अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल असू शकते. हाय-रेस मुद्रणात मोजमापे सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० वेळा, तीही २४ बिटांत घेतली जातात. हे अंतर कागदोपत्री १४४ डेसिबलपर्यंत जाते. पाच मिनिटांचे गाणे चांगल्या प्रतीच्या एमपी-थ्रीमध्ये १२ एमबी जागा घेते, सीडीवर सुमारे ५३, आणि सर्वांत वरच्या हाय-रेसमध्ये, आकुंचन न करता, सुमारे ३४५ एमबी. श्रीमंती आहे खरी. ती कानापर्यंत पोचते काय, हा प्रश्न आहे.

मिनिटांचा इतिहास

भारतात ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. पुढची पन्नास वर्षे लाखेच्या तबकडीचा अंमल होता, आणि तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. तासभर आळवावयाचा ख्याल गवयाने तेवढ्यात आवरून घ्यावयाचा! अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर ह्यांनी ही अडचण पत्करली आणि तिच्यातून एक नवीच कला उभी केली. पुढे लाँग-प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली. राग थोडा पाय पसरून बसू लागला. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट आपल्याकडे १९८०च्या दशकात घरोघर पोचली. तिने तास-दीड तास दिला, शिवाय एक अपूर्व गोष्ट दिली: सामान्य माणसाला स्वतःचे मुद्रण करता येऊ लागले. सीडीने सव्वा तास अखंड दिला. आजच्या ॲपवर तर वेळेला अंतच नाही.

हा क्रम पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या संगीतात प्रत्येक नव्या साधनाने जो खरा पालट घडविला तो वेळेचा किंवा सोयीचा होता. स्पष्टता त्याच्या मागून आली, आणि कॅसेटच्या बाबतीत तर ती आलीच नाही. कॅसेटची खरखर सर्वांनी आनंदाने सोसली. ह्या परंपरेत हाय-रेस हे पहिलेच असे साधन आहे की जे वेळही देत नाही आणि सोयही देत नाही. ते केवळ सूक्ष्मता देऊ करते. म्हणून त्याला लोकाश्रय मिळाला नाही ह्यात नवल नाही. १९९९ साली सुपर ऑडिओ सीडी आली, २०००मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्हींचे भक्त मूठभर राहिले. उलट २०१७ साली सारेगामाने जुन्या रेडिओच्या आकाराच्या पेटीत पाच हजार जुनी गाणी भरून 'कारवाँ' बाजारात आणला आणि तो हातोहात खपला. त्यात सूक्ष्मतेचा दावा नव्हता. आजीला एका बटणासरशी लताबाई ऐकू येत होत्या.

ह्याहून जुने उदाहरण 'गीतरामायणा'चे आहे. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा व सुधीर फडके ह्यांची ही छप्पन्न गीते प्रसारित झाली. मध्यम लहरींवरून येणाऱ्या त्या आवाजात उंच कंपसंख्या जवळजवळ नसतच, मधूनमधून खरखर असे. तरी लोक रेडिओला हार घालून ऐकावयास बसत. आजच्या मोजपट्टीने ते श्रवण अगदी दरिद्री ठरेल. पण ऐकणाऱ्यांनी त्याला दिलेले अवधान कोणत्या बिटांत मोजावयाचे?

कानाची साक्ष

तरीही हाय-रेसच्या बाजूचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. तंबोऱ्याची जवारी ज्याने जवळून ऐकली आहे त्याला ठाऊक आहे की एका तारेतून स्वरांचा केवढा समुदाय उमटतो. ह्या आसेत सूक्ष्म असे काही असते आणि खराब मुद्रणात तेच प्रथम हरपते, ही तक्रार रास्त आहे. पण ते हरपते कोठे? सीडीच्या मर्यादेमुळे, की आधीच्या वा नंतरच्या हलगर्जीमुळे?

ह्याची शास्त्रीय परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत मेयर व मोरान ह्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्यांना एकदा मूळ हाय-रेस मुद्रण आणि एकदा तेच सीडीच्या मापातून गाळून, कोणते कोणते हे न सांगता ऐकवले. ५५४ खेपांपैकी २७६ खेपांना उत्तर बरोबर आले. म्हणजे नाणे उडवून जितके यावे तितकेच. पुढे २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस ह्यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि तालीम घेतलेल्या श्रोत्यांत ते अधिक दिसले. तेव्हा फरक मुळीच नाही असे म्हणता येत नाही. पण जो आहे तो इतका बारीक आहे की त्यासाठी तयार कान, शांत खोली आणि उत्तम यंत्रे लागतात.

मग हाय-रेस तबकडी अधिक गोड लागते असे प्रामाणिक रसिक सांगतात, त्याचे काय? मेयर व मोरान ह्यांनीच त्याचे एक उत्तर दिले आहे. ह्या तबकड्या जाणत्या श्रोत्यांसाठी असल्याने त्यांचे अंतिम संस्करण अधिक काळजीने झालेले असते. नेहमीच्या सीडीत गाणे मोठ्याने वाजावे म्हणून हलके आवाज वर ओढून सर्व काही एका उंचीवर आणून ठेवतात. मग गायकाचा श्वास, तबल्याची घुमार, दोन आवर्तनांमधली शांतता, सारेच चेपले जाते. जुन्या मराठी गाण्यांच्या 'स्वच्छ' केलेल्या आवृत्त्यांत खरखरीबरोबर तंबोराही पुसला गेलेला आम्ही ऐकला आहे. हा दोष हाताचा आहे. आकडे वाढवून तो जात नाही.

आता आपल्या घराकडे पाहावे. मार्चपासून जूनपर्यंत विदर्भात कूलरवाचून निभाव नाही. पंख्याचा आवाज चाळीस-पन्नास डेसिबलचा, कूलरचा साठच्या आसपासचा. त्यावर गाणे नव्वदीला लावले तरी मध्ये उरतात तीस डेसिबल. १४४ डेसिबलांची श्रीमंती त्या गवताच्या जाळीतच अडकून पडते. शिवाय घरातले बहुतेक श्रवण ब्लूटूथवर चालते, आणि नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज वाटेतच आकुंचित होऊन त्याचा काही अंश गळतो. मोबाइलवर हाय-रेसचा शिक्का उमटलेला असतो आणि कानात मात्र ते नसते. ज्यांना खरोखर चांगले ऐकावयाचे आहे त्यांनी बरे स्पीकर घ्यावेत, ते भिंतीपासून थोडे दूर, कानाच्या उंचीवर ठेवावेत, आणि अर्धा तास कूलर बंद करावा. ह्या तीन गोष्टींनी जो लाभ होतो तो कोणत्याही नव्या फाइलने होत नाही.

खरी जागा

मग हाय-रेसचे भवितव्य काय? वेगळी वस्तू म्हणून ते संपल्यातच जमा आहे. २०१४ साली मोठ्या गाजावाजाने आलेल्या एमक्यूए ह्या पद्धतीची कंपनी २०२३मध्ये आर्थिक डबघाईला आली. उलट ॲमेझॉन व ॲपल ह्यांनी २०२१ साली वरच्या दर्जाची गाणी वेगळे पैसे न घेता देऊ केली, आणि २०२५मध्ये स्पॉटिफायनेही आवाज न गाळणारी फाइल देऊ केली. म्हणजे ही सूक्ष्मता नळाच्या पाण्यासारखी आपोआप येईल. तिच्यासाठी कोणी ताटकळण्याचे कारण नाही. मात्र हे पाणी भाड्याचे आहे. विंक नावाचे गाण्यांचे ॲप २०२४ साली बंद झाले, तेव्हा त्यात जमवलेल्या याद्याही गेल्या.

आमच्या मते उच्च दर्जाच्या मुद्रणाची खरी जागा दिवाणखान्यात नसून जतनाच्या कपाटात आहे. जुनी तबकडी किंवा फीत एकदाच नीट उतरवून घ्यावयाची असेल, तर ती २४ बिटांत आणि शक्यतो ९६,००० मोजमापांनी घ्यावी, असा जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांचा प्रघात आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने जुन्या तबकड्यांविषयी जी आस्था वाढविली तिचे मोल येथे कळते. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ ह्यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर, ह्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. गुरू आणि शिष्या ह्यांच्यामधले हे अंतर सूक्ष्मतेचे नाही. एक आवाज मुद्रित झाला आणि दुसरा झाला नाही, एवढेच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरची एक कॅसेट अशीच उतरवून घेतली. नाताळापूर्वी आमच्या घरी धर्मग्रामाच्या गायनवृंदाची तालीम झाली होती, तिचे ते मुद्रण. विदर्भाच्या उन्हाळ्यांनी कॅसेटमधली लोकरी गादी गळून पडली होती. फीत दुसऱ्या डबीत चढवावी लागली. यंत्राचा रबरी पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसले आणि फीत एकदाच चालविली. हाय-रेसने तिच्यात नसलेले काही आणले नाही. पेटी थोडी बेसूर आहे, ढोलक दूर आहे, मध्येच गाडीची शिटी आहे. परंतु २४ बिटांमुळे आवाज हलका ठेवून निर्धास्तपणे घेता आला आणि पुढे तो वाढवूनही बिघडला नाही. दुसऱ्या गाण्याच्या आधी आमच्या आईचा आवाज येतो: "अरे, तो पंखा बंद करा आधी." पंखा थांबतो, आणि एकाएकी सगळे कंठ निरनिराळे ऐकू येतात. त्यांतले चार आज नाहीत. आईही नाही.

असे कंठ कोणत्याही ॲपवर मिळणार नाहीत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईत रंगणारी दंडार, लग्नातल्या बायकांची गाणी, धर्मग्रामात रचली आणि गायली गेलेली भक्तिगीते ही बहुधा कॅसेटींवरच आहेत, आणि कॅसेटी कपाटावर धूळ खात आहेत. फितीला नव्या पद्धतीची वाट पाहावयास वेळ नाही. तेव्हा वाचकांस आमची विनंती आहे की, नवा इअरफोन घेण्यापूर्वी एकदा ते कपाट उघडावे. कॅसेटीवर कोण गात आहे, कोणते साल असावे, हे ज्यांना आठवते ती माणसे घरात आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवावे. नाताळाला मुले घरी येतील. त्यांच्याकडून ती संगणकावर उतरवून घ्यावी. आणि मग एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून, पंखा बंद करून, ती ऐकावी.