कार्ड सुंदर आहे, पण नंबर वाचता येतोय का?

व्हिजिटिंग कार्ड कसं असावं यावर सल्ल्यांचा तुटवडा नाही. मोकळी जागा सोडा, रंग कमी वापरा, अक्षर लहान पण नेटकं ठेवा. सल्ले वाईट नाहीत, पण बहुतेक वेळा ते रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. मी देवनागरी अक्षरांच्या वाचनीयतेवर पीएचडी करतेय, म्हणून हा मुद्दा जरा उलगडून सांगते.

आपल्याकडे साधारण दोन प्रकारची कार्डं दिसतात. पहिलं गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडचं. वर गणपती, मग 'श्री' लावून दुकानाचं नाव, 'प्रोप्रा.', दोन-तीन मोबाइल नंबर आणि खाली 'आमच्याकडे सर्व प्रकारची कामे' म्हणत दहा-बारा कामांची यादी. मजकूर मावत नाही, मग ऑपरेटर अक्षरं आडवी दाबून बसवतो. दुसरं कार्ड डिझायनरने केलेलं. मॅट लॅमिनेशन, भरपूर पांढरी जागा आणि एका कोपऱ्यात फिकट करड्या रंगातला बारीक नंबर. पहिल्याला आपण गावठी म्हणतो, दुसऱ्याला क्लासी. मला विचाराल तर दोन्ही एकाच जागी नापास होतात.

ती जागा कोणती? समजा, प्लंबरचं कार्ड आहे. ते देऊन सहा महिने झालेत. रात्री नळ फुटतो, घरातलं कुणीतरी खणातून कार्ड शोधून काढतं, उजेड कमी, चाळिशी सापडत नाही. त्या क्षणी नंबर वाचता आला नाही तर काम दुसऱ्याकडे जातं. कार्डाची खरी परीक्षा ही. देताना ते किती छान दिसलं, याला तेव्हा काही अर्थ नसतो.

आता संशोधन काय सांगतं ते बघू. गॉर्डन लेग आणि चार्ल्स बिगेलो यांनी २०११ मध्ये 'जर्नल ऑफ व्हिजन'मध्ये छापील अक्षरांच्या आकारावर एक लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा, की नजर चांगली असली तरी रोमन लिपीतल्या छोट्या 'एक्स'ची उंची डोळ्याशी सुमारे ०.२ अंशाचा कोन करते, त्याच्या खाली वाचनाचा वेग झपाट्याने घसरतो. हातात धरलेलं कार्ड ४० सेंटिमीटरवर आहे असं मानलं, तर ही उंची होते साधारण १.४ मिलिमीटर. एक पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर, आणि पुष्कळ फॉन्टमध्ये 'एक्स'ची उंची पॉइंट साइझच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे ८ पॉइंट जेमतेम काठावर, आणि ६ पॉइंट सरळ काठाखाली.

हे झालं रोमनचं. हाच आकडा उचलून देवनागरीला लावणं मला धोक्याचं वाटतं, कारण आपल्या अक्षराच्या पोटात जास्त काही घडत असतं. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर आणि एखाद्या गाठीवर उभा आहे. 'ब' आणि 'व', 'ष' आणि 'प' यांच्यात फक्त एक तिरकी रेघ. बारीक अक्षरात शाई थोडी पसरली की फट बुजते आणि भोरे यांचे मोरे होतात. अक्षरं दाबली की पोटातली जागा आणखी आवळते. शिवाय वर रफार-वेलांटी, खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो.

आकड्यांचंही तसंच. देवनागरी '१' आणि इंग्रजी नऊ घाईत सारखेच दिसतात. त्यामुळे एका नंबरात, किंबहुना एका कार्डावर, दोन्ही प्रकारचे आकडे मिसळू नयेत. दहा आकडे सलग न छापता पाच-पाचच्या दोन गटांत तोडले तर डायल करताना नजर चुकत नाही.

गल्लीतल्या कार्डाची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. 'मारुती मंदिरासमोर, पिठाच्या गिरणीशेजारी' हा पत्ता आपल्या गावात खरंच उपयोगी पडतो, आणि माणूस नेमकं काय काम करतो हेही त्यावरून कळतं. डिझायनरच्या कार्डावर कधीकधी नुसतं नाव आणि 'सोल्युशन्स'. कसली सोल्युशन्स, देव जाणे!

मग करायचं काय? आपलं नेहमीचं कार्ड साडेतीन इंच बाय दोन इंच. जागा तेवढीच आहे, म्हणून निवड करावी लागते. पुढच्या बाजूला नाव, काम आणि एकच नंबर. कामांची यादी आणि पत्ता मागे. ती बाजू बहुतेक कोरीच जाते. माझ्या अंदाजाने देवनागरी मजकूर १० पॉइंटच्या खाली नेऊ नये, नंबर त्याहून बराच मोठा ठेवावा, आणि तो पांढऱ्यावर काळा असावा. मजकूर मावत नसेल तर शब्द कमी करा, अक्षरं दाबू नका.

छापायला टाकण्याआधी एक प्रिंट खऱ्या आकारात काढा, संध्याकाळी एकाच बल्बच्या उजेडात घरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या हातात द्या आणि चष्म्याशिवाय नंबर मोठ्याने वाचायला सांगा. पहिल्या फटक्यात बरोबर वाचला, तर खुशाल हजार कार्डं छापा.