बारडोलीचे फोटो पाहताना

पलसाण्याहून बारडोली काही लांब नाही, अर्धा-पाऊण तास. इतक्या वर्षांत मी तिथे डॉक्टरकडे गेले, लग्नांना गेले, ताप्ती लाइनची गाडी धरून माहेरी अमळनेरला गेले. पण सरदार पटेल संग्रहालयात पाय ठेवला तो सूनबाईने आग्रह धरला तेव्हा. सोबत आमच्या शेजारच्या बा होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, माहेर बारडोली तालुक्यातले. "चालवतं तोवर बघून घेते," म्हणून निघाल्या.

संग्रहालय मुळात एका माणसाच्या चरित्राचे आहे. फोटोंमागून फोटो बघत आपण वल्लभभाईंच्या आयुष्यातून चालत जातो. ज्याचे लग्न त्याचाच फोटो मोठा, त्यात गैर काही नाही. पण बारडोलीत उभे राहून पाहताना मन १९२८ जवळच अडते. सरकारने सारा एकदम २२ टक्क्यांनी वाढवला, १२ फेब्रुवारीला लोकांनी तो न भरण्याचा ठराव केला, आणि ऑगस्टमध्ये तडजोड होईपर्यंत १३७ गावे हटली नाहीत. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी चौकशी केली, तेव्हा वाढ जेमतेम सहा टक्क्यांवर आली. म्हणजे शेतकऱ्यांचे म्हणणे खरेच होते. हे सगळे आपण शाळेत दोन ओळींत शिकलो.

त्या लढ्याचे फोटो आपण पुस्तकांतही पाहिलेले असतात. मोकळे मैदान, भरपूर ऊन, मंचावर पुढारी, खाली माणसांचा समुद्र. एका अंगाला बाया, डोक्यावर पदर, कुणाच्या मांडीवर मूल. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन, शारदाबेन मेहता यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, आणि ती असायलाच हवीत. मिठूबेन तर मुंबईच्या श्रीमंत पारशी घरातल्या. त्या खेड्यापाड्यांत हिंडल्या, पुढे आपल्या जवळच्या मरोलीला त्यांनी आश्रम उभा केला. पण त्यांच्या मागे बसलेल्या शंभर जणींचे काय? वल्लभभाईंना 'सरदार' हे नाव बारडोलीच्या बायांनी दिले असे सांगतात. नाव देणाऱ्या बिननावाच्या राहिल्या. हा दोष मी संग्रहालयाला देत नाही. ज्या दिवशी फोटो काढला त्याच दिवशी कुणी विचारले नाही, "बाई, तुमचं नाव काय?"

माझा खरा आक्षेप आणखी पुढचा आहे, आणि तो कॅमेऱ्यावर आहे.

बारडोलीची लढाई मैदानात झालीच नाही. मैदानात भाषणे झाली. लढाई झाली ती कुलूप लावलेल्या घरात. जप्तीवाले पठाण घेऊन येत आणि आधी म्हशीला हात घालत, कारण या भागात घर चालायचे ते म्हशीच्या दुधातुपावर. म्हणून गावेच्या गावे दिवसभर दारे लावून आत बसली. माणसे आत, पोरे आत, म्हशीही आत. अंधार पडला की दार उघडायचे, पाणी आणायचे, गुरांना जरा वारा द्यायचा. दिवसभर कोंडलेल्या म्हशी गोऱ्या मडमा झाल्या, अशी थट्टा वल्लभभाई भाषणात करत. लोक हसत. पण मैत्रिणींनो, एप्रिल-मेच्या उकाड्यात म्हशीबरोबर एका खोलीत महिनोन्महिने राहायचे म्हणजे शेण कुणी काढले, मूत कुणी धुतले, रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात कुणी ठेवला? ते काय मंचावरच्यांनी केले?

फोटोला उजेड लागतो. ही लढाई अंधारातली, म्हणून तिचा फोटो नाही. जे उजेडात घडले तेच इतिहास म्हणून भिंतीवर चढले.

बा बायांच्या घोळक्याच्या एका फोटोसमोर बराच वेळ थांबल्या. मला वाटले, आई शोधताहेत. मी विचारलेही. त्या म्हणाल्या, "आई कुठून असणार यात? ती तर घरात होती." मग बाकावर बसून सांगू लागल्या. आई तेव्हा नवी नवरी होती. दिवसा म्हैस हंबरली की तिच्या छातीत धस्स व्हायचे. ती म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसायची आणि कानाशी काहीबाही पुटपुटत राहायची. एवढेच. त्यापुढे त्यांना काही आठवेना.

जप्त झालेल्या म्हशी लिलावात कवडीमोलाने कसायांच्या हाती जात. हे वाचलेले होते, पण बांच्या तोंडून ऐकल्यावर त्याचा अर्थ लागला. ती पोर नुसते दूधदुभते सांभाळत नव्हती, एक जीव वाचवत होती. पांजरापोळीच्या वर्गणीच्या पावत्या आपण जपून ठेवतो. हिची पावती कुठे आहे?

आणखी एक प्रश्न मला तिथे छळत राहिला, तुम्हाला हसू येईल. दार रात्री उघडायचे, पाणी रात्री यायचे. मग त्या गावांत वाण्यांची जी घरे चौविहार पाळणारी असतील, तिथल्या बायांनी काय केले असेल? पाणी कधी गाळले, चूल कधी पेटवली? शेवटी तर चातुर्मासही लागला होता. वाण्यांबद्दल तेव्हाचे लोक फार चांगले बोलत नसत. वालोडच्या दोन वाण्यांनी अधिकाऱ्याशी संगनमत करून आपली जप्ती होऊ दिली, त्यावरून तालुका खवळला होता. पुरुषांची ही गोष्ट नोंदली गेली. त्यांच्या बायकांना ते पटले होते का, हे कुणी टिपले नाही.

आणि दुबळ्यांच्या बाया? पाटीदारांच्या शेतावर पिढ्यानपिढ्या हाळी म्हणून बांधलेली ती घरे. सारा त्यांच्या नावावर नव्हता, म्हणून लढाईही त्यांच्या नावावर नाही. त्या तर मैदानाच्या फोटोतही दिसत नाहीत.

पलसाणा तेव्हा गायकवाडी मुलूख होता, बारडोली इंग्रजांची. १९३० मध्ये पुन्हा जप्त्या सुरू झाल्या तेव्हा बारडोलीकडची कुटुंबे गाड्या जुंपून गायकवाडी हद्दीत आली, गवताच्या झोपड्यांत राहिली. ब्रेल्सफर्ड नावाचा इंग्रज पत्रकार ते पाहायला आला होता, त्याने पुस्तकात लिहिले. आज आमच्या हायवेवर कापडाच्या मिलचे ट्रक धावतात. इथून कोण कुठे गेले, कुणाच्या शेतात उतरले, हे विचारले तर सांगणारे माणूस सापडत नाही.

घरी आल्यावर मी आमचा जुना अल्बम काढला. नणंदेच्या दीक्षेच्या वरघोड्याचा फोटो, त्यात नऊ बाया. मागे सासऱ्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेले, रथात बसलेल्या दोन शेठजींची नावे आणि तिथी. चाळीस वर्षे मी तो फोटो असाच ठेवला होता, मला काहीही खटकले नव्हते. मावससासूबाईंना फोनवर एकेकीचे लुगडे सांगत बसले. सात नावे मिळाली, ती पेन्सिलीने मागे लिहिली. आठव्या बाईला त्या "वापीवाल्यांची मोठी सून" एवढेच म्हणतात. नववीचा चेहरा कलशाआड गेला आहे.