क्रौर्य हा पुरावा होतो का?

मित्रहो, मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातली प्रमाणं पाहिली. आज तीच कसोटी एका खटल्याला लावून बघू. खटला आहे ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’.

जून २००३. नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. घरातली आई आणि एक मुलगा वाचले. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ साली उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप रद्द करून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं!

यात गंमत नाही, पण विचार करण्यासारखं खूप आहे. २००९ च्या निकालानंतर वाद झाला तो शिक्षेचा. गुन्हेगाराकडे न बघता फक्त गुन्ह्याकडे बघणारा १९९६ चा ‘रावजी’ निकाल त्यात आधार म्हणून घेतला होता. दोनच आठवड्यांनी दुसऱ्या पीठाने तो आधारच चुकीचा ठरवला. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. हे सगळं मोलाचं होतं. पण चर्चा कशाची? या माणसांना फाशी द्यावी की जन्मठेप. ही ‘तीच’ माणसं आहेत का, हा प्रश्न मागेच राहिला.

आता ओळख पटवण्याकडे या. आपले नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत. ‘हाच तो’ या ज्ञानाला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात. समोरचं प्रत्यक्ष आणि आतला संस्कार, दोन्ही लागतात. संस्कारच डळमळीत असला तर? वाचलेल्या आईने घटनेनंतर काही दिवसांतच पोलिसांच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ते चौघं या सहांपैकी नव्हते, बरं का. पुढे ओळखपरेडमध्ये आणि कोर्टात तिने या आरोपींकडे बोट दाखवलं. मी त्या माउलीला दोष देत नाही. पोटची माणसं डोळ्यांदेखत गेलेल्या बाईच्या स्मृतीवर सहा फास टांगणाऱ्यांना मी प्रश्न विचारतोय.

कोणी म्हणेल, सर, शेवटी न्याय झालाच ना? व्यवस्थेने स्वतःला सुधारलं. मला हे पटत नाही. २०१९ मध्ये कोणता नवा साक्षीदार आला होता? त्या चौघांच्या ओळखीचा कागद २००९ मध्येही फाईलमध्येच होता. मग तो दिसला का नाही? माझं उत्तर असं, की गुन्ह्याच्या भीषणतेने हेतूची जागा घेतली. कृत्य अमानुष, म्हणून पकडलेले अमानुष. हा हेत्वाभास आहे. आणि पकडलेले भटके, गरीब असले की तो कोणाच्या डोळ्यांत खुपतही नाही.

आपल्या वर्धा रोडवरच्या कारागृहात २०१५ साली याकूब मेमनला फाशी झाली. तो खटला वेगळा, त्याची तुलना मी करत नाही. पण त्या दिवशी या खटल्यातली माणसंही फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन तुरुंगात बसली होती. पुनर्विचार आधीच आटोपला असता तर २०१९ चा निकाल कोणासाठी लिहिला असता?

न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई, चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई आणि त्या चौघांविरुद्ध पुढील तपास, असे आदेश दिले. तोवर सोळा वर्षं गेली होती. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि त्या झोपडीतले पाच खून कोणी केले, हे त्या आईला अजून कोणत्याही निकालाने सांगितलेलं नाही.